माहीम चर्चबाहेर मिळणारं मेणाचं घर : माझा रिव्ह्यू (जरा लांब झालाय)

आधी प्रॉडक्टबद्दल सांगते, बाकीचं मागून येईलच. माहीमचं सेंट मायकल चर्च, एल. जे. रोडवरचं, ज्याला सगळे नुसतं माहीम चर्च म्हणतात, त्याच्या बाहेर मेणाच्या वस्तूंचे स्टॉल असतात ते तुम्ही बसमधून कधीतरी बघितलेच असतील. मेणाचे हात, पाय, हृदय, किडनी, बाळ, नवरा-नवरी, गाडी, विमान, पासपोर्ट आणि घर. मी त्यातलं घर घेतलं. मिक्सर, कुकर, गाद्या सगळ्याचे रिव्ह्यू पडतात पण याचा कोणी टाकलेला मला दिसला नाही, आणि घ्यायच्या आधी मला चार गोष्टी कोणीतरी सांगायला हव्या होत्या असं वाटलं, म्हणून टाकतेय. आम्ही हिंदू आहोत, कोकणातले, घरी गणपती येतो पाच दिवस, तर "तुम्ही तिकडे कशा काय" हा प्रश्न कमेंटमध्ये विचारायच्या आधी बुधवारी एकदा त्या लायनीत उभे राहा, अर्ध्याहून जास्त बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र दिसेल.

घर तळहाताएवढं आहे. पांढरं, पिवळं, गुलाबी असे रंग असतात, मी पांढरं घेतलं. आतून पोकळ. उतरतं छप्पर, पुढं दार, दोन बाजूंना दोन खिडक्या आणि वर धुरांडं, म्हणजे मुंबईत कोणाच्या बापजन्मी नसतं असं घर. साच्याची शिवण दोन्ही बाजूंनी दिसते, फिनिशिंग म्हणाल तर यथातथाच. मी स्टॉलवाल्या बाईंना विचारलं पण, अहो आम्हाला टॉवरमधे तीनशे स्क्वेअर फूट मिळणार आहे, चौदाव्या मजल्यावर, हा तर बंगला आहे, बिल्डिंग नाही का मिळत? त्या म्हणाल्या, "ताई, एवढं त्याला कळतं." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बाळ गुंडाळून द्यायला लागल्या.

किंमत मी घेतलं तेव्हा शंभराच्या आत होती, साधी मेणबत्ती त्याहून खूप स्वस्त, आणि माणसाच्या उंचीच्या मेणबत्त्या असतात त्यांचा भाव मी विचारलाच नाही. घासाघीस होते पण जास्त नाही, बुधवारी तर अजिबातच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे चालतं कसं ते सांगते. बुधवारी तिथं नोव्हेना असते, म्हणजे ठरलेल्या प्रार्थना, लागोपाठ नऊ बुधवार करायच्या. १९४८ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून चालूच. सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक, इंग्रजी, कोंकणी, मराठी, हिंदी अशा वेगवेगळ्या भाषांत. चर्च तसं पोर्तुगीजांच्या काळापासूनचं पण आत्ताची इमारत १९७३ ची, त्यामुळे जुनी नक्षी वगैरे बघायला जाणार असाल तर निराश व्हाल, मोठ्ठा हॉल आहे आणि पंखे आहेत. बाहेरून तुमच्या कामाची वस्तू घ्यायची, आत न्यायची, बोलायचं ते बोलायचं आणि ठेवून यायचं. मागणं कागदावर लिहूनही देता येतं. आणि ज्यांचं काम झालं त्यांची आभाराची पत्रं नोव्हेनेत वाचून दाखवतात, मुलाला नोकरी लागली, गाठ साधी निघाली, व्हिसा आला, वगैरे. पत्रांबद्दल मला एक तक्रार आहे ती खाली लिहिते.

आता घरच का. आमची चाळ लोअर परळची, सेस बिल्डिंग (म्हणजे दुरुस्तीचा कर भरणारी जुनी इमारत), सासऱ्यांच्या वडिलांपासूनची पागडी (म्हणजे सुरुवातीला रक्कम देऊन कायमचे भाडेकरू). मिलच्या भोंग्यावर जेवणारी माणसं होती ती. रिडेव्हलपमेंट आलं, मीटिंगा झाल्या, पेढे झाले, बिल्डरने भाड्याचे पोस्ट डेटेड चेक दिले, आम्ही सामान घेऊन नालासोपाऱ्याला आलो तीन वर्षांसाठी म्हणून. पहिली काही भाडी आली. मग एक चेक परत आला, मग दुसरा, आणि लॉकडाऊन लागायच्या आधीच भाडं बंद ते बंद. साइटवर पाया भरून सळया वर आल्यात आणि त्यांना गंज चढलाय. पत्र्याच्या कुंपणावर टॉवरचं चित्र होतं, स्विमिंग पूल असलेलं, ते पण उन्हाने उडालं. बिल्डरचं नाव लिहीत नाही, वकिलांनी लिहू नका सांगितलंय आणि तसंही तुमच्या एरियात कोणीतरी असेलच तसा. गोरेगावच्या पत्राचाळीचं सगळ्यांना माहीत आहे, ६७२ कुटुंबं, २००८ चा करार, आणि माणसं म्हातारी झाली भाड्याच्या घरात. आमची चाळ त्यापुढे छोटी, पेपरात पण येत नाही.

अशा वेळी माणूस काय करतो तर घाबरतो, ते ठीक आहे, मी पण घाबरले. भाडं आपल्या खिशातून, मुलाची फी, नवऱ्याची कंपनी अर्ध्या पगारावर, रात्री दोन वाजता उठून मी मोबाईलवर आकडे मांडत बसायचे. पण आमच्या चाळीचा जो व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना, तो वेगळाच प्रकार होता. रात्री साडेअकराला कोणीतरी टाकणार की बिल्डर दुबईला पळाला. मग कोणी म्हणणार नाही नाही, प्लॉट बँकेकडे गहाण पडलाय, उद्या लिलाव. सकाळी कळायचं दोन्ही खोटं. तोपर्यंत तीन माणसांची बीपीची गोळी डबल झालेली. एका घराने तर वास्तुवाल्याला बोलावलं, त्याने पैसे घेऊन सांगितलं ईशान्येला दोष आहे. कशाच्या ईशान्येला? तिथं खड्डा आहे! खड्ड्याचा वास्तुदोष काढून गेला तो माणूस, आणि पुढच्या महिन्यात आणखी एकाकडे. कोणी पुष्कराज घातला. मंगळवार सिद्धिविनायक, बुधवार माहीम, गुरुवारी मखदूमशहा बाबांचा दर्गा किंवा दादरचा स्वामींचा मठ, शनिवारी मारुती, असं काही जणांचं आठवड्याचं टाइमटेबलच होतं, आणि मी त्यांना हसत नाहीये, मी स्वतः त्यातल्या तीन लायनींत उभी राहिलेय. पण एका ठिकाणाहून निघताना पुढच्या ठिकाणी किती गर्दी असेल ते बघायचं, हे मला देवावरचा विश्वास कधीच वाटला नाही, ही धावपळ होती. देवाला सांगितलं आणि लगेच दुसऱ्या देवाला सांगायला गेलो म्हणजे पहिल्यावर भरवसा नाही असाच त्याचा अर्थ होतो ना.

आणि या घाबरण्याचा फायदा घेणारे बरोबर येतात. आमच्याकडे एक एजंट फिरायला लागला. "वहिनी, हे काही होत नाही आता, हक्क आम्हाला देऊन टाका, रोख देतो." जी रक्कम सांगायचा त्यात नालासोपाऱ्यात वन रूम किचन पण येणार नाही. चाळीतल्या काही घरांनी दिला हो. एका काकांनी तर त्या लिलावाच्या मेसेजच्या दुसऱ्या दिवशी सही केली. लिलाव नव्हताच कधी. मेसेज कोणी सोडला होता ते पण आम्हाला आता माहीत आहे, पण सिद्ध कोण करणार.

आमच्या घरात एकच माणूस शांत होतं ते म्हणजे सासूबाई. आईंचं वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही गुडघे गेलेले, आणि खरं तर घाई त्यांनाच असायला हवी. मी चिडायचे त्यांच्यावर. मला वाटायचं यांना आकडे कळत नाहीत म्हणून शांत आहेत. एकदा बोलले पण, आई तुम्हाला काहीच कसं वाटत नाही. तर म्हणाल्या, "वाटतं की. पण मी काळजी करून बिल्डर वीट लावणारे का? मी सकाळी देवाला सांगते, संध्याकाळी आठवण करते. मधे त्याला काम करू दे, मला भाजी निवडू दे." गिरणी संपात घरात दाणा नव्हता त्याच्या गोष्टी आईंकडे भरपूर आहेत, १९८२ चा संप, तो कधी अधिकृतपणे मागे घेतलाच नाही म्हणतात, तर त्यांच्या मते आम्ही अजून निम्मं पण बघितलेलं नाही. संपात त्यांनी खानावळीचे डबे केले. देवाला सांगायच्या आणि पोळ्या लाटायच्या. यातलं एक केलं आणि दुसरं सोडलं असं कधी झालं नाही, आणि हे मला आत्ता आत्ता दिसायला लागलंय.

माहीमला मला नेलं ते ऑफिसातल्या आंटीने. आमच्या इथं पॅन्ट्री सांभाळायची ती, आता रिटायर झाली, माहीमचीच, मराठी बोलते पण मधे मधे कोंकणी घुसतं. तिने आधीच सांगितलं, "तुझ्या चार देवांमधे पाचवा म्हणून येऊ नको. आलीस तर बस जरा." मग लायनीत उभं असताना तिने मला ते चित्र दाखवलं. निरंतर साहाय्य करणारी माता म्हणतात तिला, मरियेच्या कडेवर बाळ येशू. मूळ चित्र रोमला आहे, १८६६ पासून तिथल्या एका चर्चमधे, बाकी जगभर त्याच्या कॉपी. मी आपली नमस्कार करून पुढे सरकणार तर आंटी म्हणाली पाय बघ त्याचे. बघितलं तर बाळाची एक चप्पल सुटलीय! नुसती पट्ट्यावर लोंबकळतेय. आंटीने सांगितलं की वर दोन बाजूंना देवदूत आहेत ना, एक मायकल एक गॅब्रिएल, त्यांच्या हातात क्रूस, खिळे, भाला असलं सगळं आहे, म्हणजे पुढे मोठेपणी त्याच्या वाट्याला जे येणार ते त्याला आत्ताच दिसलं, आणि ते पोर घाबरून धावत आईकडे आलं, एवढ्या जोरात की चप्पल निघाली. दोन्ही हातांनी त्याने आईचा एक हात धरलाय. आणि आई मात्र त्याच्याकडे बघत नाहीये, ती आपल्याकडे बघतेय.

मला ते फार आवडलं, खरंच सांगते. कारण आत्तापर्यंत मला जो तो सांगत होता की घाबरू नको, देवावर विश्वास असेल तर भीती वाटणारच नाही, म्हणजे भीती वाटली की वर अजून एक अपराध डोक्यावर, की तुझी श्रद्धाच कमी. आणि इथं प्रत्यक्ष देवाचं पोर घाबरलंय, चप्पल सोडून पळालंय, आणि ते चित्र पुजतात लोक. क्रूस, खिळे, भाला काहीही गायब झालेलं नाही, तिथंच आहे. फक्त धावताना कुठे धावायचं ते पोराला माहीत होतं, ते एजंटकडे नाही धावलं.

तर त्या दिवशी घर घेतलं. स्टॉलवर गेलं की पहिला प्रश्न येतो, "काय काम आहे?" सेल्समनचाच प्रश्न आहे तो, पण उत्तर देताना मी अडकले. कारण मला सगळंच पाहिजे होतं, भाडं, नवऱ्याचा पगार, मुलाची ॲडमिशन, आईंचे गुडघे, त्या बिल्डरचं वाटोळं. त्या बाई थांबून राहिल्या. मागे लाइन. शेवटी मी म्हटलं, घर. तेवढं एकच बोलल्यावर बरं वाटलं, कारण महिनोन् महिने डोक्यात जो गोंधळ होता त्यातली एक वस्तू बाहेर काढून हातात धरली होती. (बिल्डरच्या वाटोळ्यासाठी मेणाचं काही मिळत नाही, विचारलं होतं मनात.)

आत नेऊन ठेवलं. तिथं आधीच मेणाची केवढी तरी घरं होती, हात होते, बाळं होती. बाळं बघून पोटात कसंतरी होतं, प्रत्येकामागे एक बाई असणार. माझं घर त्यांच्यात ठेवलं आणि थोडी बसले. आंटी म्हणालेली तसं. मागितलं मी, पण त्याहून जास्त वेळ नुसतीच बसले. आणि मग निघताना एक गोष्ट झाली ती या प्रॉडक्टचं मेन फीचर आहे असं माझं मत आहे : ते परत न्यायचं नसतं. सत्यनारायणाचा प्रसाद घरी येतो, ताईत गळ्यात राहतो, अंगठी बोटात राहते, दर वेळी हात धुताना ती दिसते आणि काळजी आठवते. हे तिथंच राहतं. तुम्ही रिकाम्या हाताने बाहेर येता, आणि बाहेर एल. जे. रोडचा ट्रॅफिक.

त्या मेणाचं पुढे काय होतं हे पण विचारलं मी स्टॉलवर, त्या म्हणाल्या वितळवतात, परत वापरतात. काही लोकांना हे ऐकून वाईट वाटतं. मला नाही वाटलं. माझ्या घराचं कोणाचं तरी हृदय झालं असेल, होऊ दे.

आता रिझल्ट. लोक हेच विचारतात आधी. बिल्डिंग उभी राहिली का? नाही. सळया तशाच आहेत. ज्यांना या प्रॉडक्टकडून ओसी (बिल्डिंगमधे राहायला जायची परवानगी) पाहिजे त्यांनी घेऊ नका. पण मी झोपायला लागले. चमत्कार वगैरे नाही, हळूहळू. रात्री दोन वाजता जाग आली तर आकडे मांडायच्या ऐवजी मनात म्हणायचे, ते तिथं ठेवलंय, आणि कूस बदलायचे. कधी कधी नाही जमायचं, तेव्हा उठून पाणी प्यायचे. आणि झोप झाली की सकाळी डोकं चालतं हे कोणालाही मान्य होईल. ग्रुप म्यूट केला. एजंट आला तर आईंनीच त्याला चहा पाजून परत पाठवला. मग मी कागद काढले, करारनामा, चेकच्या रिटर्न मेमो, म्हाडाची (सरकारच्या गृहनिर्माण मंडळाची) एनओसी, सगळं एका फाइलला तारखेप्रमाणे लावलं. महारेराकडे (बिल्डरांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण) जायचं तर तिथं आमच्यासारख्या जुन्या भाडेकरूंना विकत घेणाऱ्यांसारखी दाद मिळत नाही हे तेव्हा कळलं, दोन वर्षं ग्रुपवर सगळे "रेरात जाऊ, रेरात जाऊ" ओरडत होते आणि वाचलं कोणीच नव्हतं. मग वकिलांनी म्हाडा कायद्यातली नवीन दुरुस्ती दाखवली, कलम ९१-अ, २०२२ मध्ये राष्ट्रपतींची सही झालेली, बिल्डरने सेस बिल्डिंगचं काम अर्धवट टाकलं तर म्हाडाला प्रकल्प ताब्यात घेता येतो. उरलेल्या घरांच्या सह्या गोळा केल्या, दारोदार, नालासोपारा, बदलापूर, टिटवाळा, लोक कुठे कुठे फेकले गेलेत आमचे. अर्ज दिलाय. तारखा पडतात. म्हाडाच्या ऑफिसात कलानगरला मी इतकी जाते की तिथला शिपाई आता मुलाची ॲडमिशन झाली का विचारतो.

हे सगळं मी मेणाच्या घराशिवाय करू शकले नसते का? शकले असते कदाचित. पण केलं नव्हतं ना. घाबरलेली होते तोपर्यंत मी फक्त फोन फिरवत होते आणि रडत होते, काम एकही नाही. देवावर टाकलं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं असं ज्यांना वाटतं त्यांना मी सांगेन, उलट आहे, मी सगळ्यात जास्त वणवण त्यानंतर केलीय.

आता तक्रारी. एक, पॅकिंग. वर्तमानपत्रात गुंडाळून पातळ पिशवीत देतात, आणि घराचं धुरांडं एकदम नाजूक. एका स्टॉलवर मला आधी टवका उडालेलं घर दिलं होतं, गुंडाळायच्या आधी फिरवून बघा. दोन, घरून घेऊन येऊ नका. माझ्या नणंदेने दुसरीकडून घेऊन मे महिन्यात विरार लोकलमधे आणलं, बायकांच्या डब्यात, सकाळच्या वेळी. माहीमला पोचेपर्यंत घर एका बाजूला झुकलं होतं, आणि नणंद म्हणे आमच्या बिल्डिंगचं हुबेहूब झालंय, तिची पण रिडेव्हलपमेंटलाच आहे. तिथंच घ्या, तिथंच ठेवा. तीन, बुधवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर जाऊ नका, गर्दीत बसायला मिळत नाही आणि बसणं महत्त्वाचं आहे. दुपारी बरं. माहीम स्टेशनवरून चालत जाता येतं.

आणि चौथी ती पत्रांची. आभाराची पत्रं वाचतात ती ऐकायला छान वाटतं, पण ज्यांचं झालं नाही त्यांची पत्रं कोण वाचणार? नऊ बुधवार करून गाठ साधी नाही निघाली त्यांचं काय? नवीन माणसाला असं वाटू शकतं की मशीनमधे नाणं टाकलं की वस्तू बाहेर. माझ्या मते हा या सर्व्हिसचा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम आहे, आणि तो फक्त इथला नाही, आपल्या नवसांचं पण तेच, नवस फेडलेल्याची घंटा दिसते देवळात, न फळलेल्याचं काहीच टांगलेलं नसतं.

हे मी आंटीला बोलले. तर ती म्हणाली तिने किडनी आणली होती एका वर्षी, नवऱ्यासाठी. डायलिसिसवर होता. गेला. मला माहीतच नव्हतं, इतकी वर्षं एका ऑफिसात. म्हटलं मग तू परत कशी आलीस इथं, राग नाही आला? "आला ना," ती म्हणाली, "तो सांगायलाच आले. पुढच्याच बुधवारी. इथंच बसून भांडले तिच्याशी. दुसरं कोण ऐकून घेणार होतं?" मग पर्समधून लिमलेटची गोळी काढून दिली मला. मला वाटतं त्या मोठ्या हॉलमधे बसलेल्या निम्म्या लोकांचं काम झालेलं नसणार. तरी ते तिथं येतात, आणि येऊन शांत बसतात, आणि त्यांची पत्रं कोणी वाचत नाही.

तुलना म्हणून माउंट मेरीचं पण लिहिते, कारण नणंदेच्या आग्रहाने वांद्र्याला पण जाऊन आले. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा असते, कोळी लोक तिला मोत माउली म्हणतात आणि आपल्या घरच्या देवीसारखं करतात. चर्चची आत्ताची इमारत १९०४ ची, टेकडीवर, समोर समुद्र, दिसायला माहीमपेक्षा कितीतरी छान. मेणाची व्हरायटी पण जास्त आणि भाव पण जास्त. खायला कडियो-बोडियो, चणे, पेरूचं चीज, मुलांना पाळणे. एन्जॉय करायचं तर तिथं जा. पण जत्रेत मला त्या घराशी दोन मिनिटं पण एकटीला बोलता आलं नाही, मागून ढकलत होते. संकटात असाल तर माहीम, आणि दुपारी. संकट संपलं असेल तर वांद्रे, सप्टेंबरमधे, पोरांना घेऊन.

कोणी घेऊ नये ते पण लिहिते. ज्यांच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत आणि ते आठवड्याला वेगवेगळ्या ठिकाणी असल्या वस्तूंवर खर्च करतायत त्यांनी घेऊ नये, एकदा बस झालं, देव बहिरा नाही. ज्यांना डॉक्टरने ऑपरेशन सांगितलंय आणि ते मेणाचं हृदय ठेवून ऑपरेशन पुढे ढकलतायत त्यांनी तर अजिबात घेऊ नये, आधी हॉस्पिटल. आणि ज्यांना मूर्ती, मेण, मेणबत्ती काहीच पटत नाही त्यांना आमच्या आईंची पद्धत आहे, सकाळी सांगायचं, संध्याकाळी आठवण करायची, मधे भाजी निवडायची, ती फुकट आहे.

रेटिंग : घराची क्वालिटी ५ पैकी २, किंमत ४, पॅकिंग १, स्टॉलवाल्या बाई ५, झोप ५. म्हाडाची पुढची तारीख लागलीय, फाइल तयार आहे, झेरॉक्सचे तीन सेट काढलेत. जाताना परत माहीमला उतरावं लागणार आहे, आईंनी ऑर्डर दिलीय. म्हणाल्या येताना एक गुडघा ठेवून ये माझ्या नावाने. मी विचारून आले, गुडघा सुटा मिळत नाही, अख्खा पाय घ्यावा लागतो. तर म्हणाल्या मग उजवा घे. डावा अजून चालतोय, उगाच दोन पायांचे पैसे कशाला.